आजारी शॅमेलिऑन दुकानातून घ्यावा का?

कातळसडा — १९ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीत राहतो. गेल्या दिवाळीपासून शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) पाळायचं डोक्यात आहे. नुसतं डोक्यात नाही, आळीतल्या सुताराकडून दोन बाय दोन बाय चार फुटांचा जाळीचा पिंजरा करून घेतलाय (त्याला शेवटपर्यंत वाटत होतं पोपटासाठी आहे). आत जास्वंद आणि मनीप्लांटच्या कुंड्या, वर यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) टी-फाइव्ह ट्यूब, ऊब घ्यायला वेगळा बल्ब. आइस्क्रीमच्या डब्यांत रातकिडे वाढवतोय, त्याला चौथा महिना. रात्री इतकी किरकिर असते की आई विचारते, पाऊस बाहेर पडतोय की तुझ्या खोलीत? सगळं आहे, फक्त ज्याच्यासाठी केलं तो नाही.

शनिवारी कामाने दुसऱ्या गावी गेलो होतो. गाव सांगत नाही, दुकान तर नाहीच नाही. मूळचं माशांचं दुकान. कोपऱ्यात काचेच्या टाकीत एक व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन. टाकीवर काचेचंच झाकण, आत साधा पिवळा बल्ब, तळाला माशांच्या टाकीतली रंगीत खडी आणि एका वाटीत पाणी. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याचे दोन्ही डोळे मिटलेले. उजवा डोळा आत गेल्यासारखा. रंग भिजलेल्या गोणपाटासारखा. फांदी होती, पण तो खाली खडीवर बसला होता, आणि पुढचे पाय कोपरातून बाहेर वाकलेले.

दुकानदार म्हणाला, "पावसाळी हवा आहे, म्हणून झोपतो." किंमत चौदा हजार. मी गप्प उभा राहिलो तर म्हणाला, "तुम्ही नऊ द्या."

तेव्हापासून झोप नाही. माझ्याकडे सगळी तयारी आहे, तो तिथे राहिला तर मरणार हे दिसतंय. आई म्हणते, मरायला टेकलेलं जनावर ऐन आषाढीच्या तोंडावर घरात आणू नकोस. घेऊ की नको?

सुरंगी — १९ जून, रात्री ११:०५

घे. एवढा विचार करणारा माणूस त्याला दुसरा कुठे मिळणार आहे? नऊ हजार जातात आणि येतात.

बांगडाफ्राय — १९ जून, रात्री ११:२०

सरड्याला नऊ हजार? आमच्या कुंपणावर फुकट आहेत. :) हलके घ्या. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

खाजणातला_खेकडा — २० जून, सकाळी ७:१५

सात वर्षं शॅमेलिऑन पाळतोय (ठाणे). दोन व्हेल्ड, एक पँथर (तीही शॅमेलिऑनचीच जात). आधी उत्तर देतो, मग कारण: घेऊ नका.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यातली प्रत्येक गोष्ट आजाराची खूण आहे. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. हे जनावर दुखणं लपवतं, कारण रानात जो आजारी दिसतो तो आधी खाल्ला जातो. त्यामुळे त्याने भरदिवसा माणसासमोर डोळे मिटले म्हणजे लपवायचीही ताकद उरलेली नाही. आत गेलेला डोळा म्हणजे बहुतेक वेळा पाणी कमी पडलंय. वाटीत पाणी आहे म्हणाल, तर वाटीतलं साचलेलं पाणी त्याला सहसा पाणी म्हणून कळतच नाही. पानावरून ओघळणारे थेंब तो चाटतो. भरल्या वाटीशेजारी तहानेने मेलेले शॅमेलिऑन मी पाहिलेत.

वाकलेले पाय हे त्याहून वाईट. कॅल्शियम पचायला डी-३ जीवनसत्त्व लागतं, ते त्याच्या कातडीत यूव्हीबी किरणांनी तयार होतं. पिवळ्या बल्बात यूव्हीबी नसतं. टाकी उन्हात ठेवतो असं दुकानदार म्हणाला तर तेही ऐकू नका, यूव्हीबी काचेतून पार होत नाही. उलट बंद काचेत जनावर उन्हाने भाजून निघतं. कॅल्शियम मिळेनासं झालं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. हाडं रबरासारखी होतात. पुढचा ऱ्हास थांबवता येतो, पण वाकलेलं हाड सरळ होत नाही.

परत जाणार असाल तर एवढं बघा. फांदीवर ठेवल्यावर पकड धरतो का? तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का, ओठांवर फेस किंवा पिवळा चिकटा आहे का? खालचा जबडा मऊ लागतो का, बाजूने सुजलाय का? विष्ठेसोबतचा पांढरा भाग पांढरा आहे की नारिंगी? नारिंगी असेल तर पाण्याची ओढ आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या डोळ्यांदेखत जीभ टाकून किडा पकडतो का? "आम्ही हाताने भरवतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

नियमावर_बोट — २० जून, सकाळी ९:४८

प्रकृतीचं चाललंय ते चालू द्या, मी कागदांचं बोलतो.

व्हेल्ड शॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियातला, पँथर मादागास्करचा. दोन्ही साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) दुसऱ्या परिशिष्टात येतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइटिसमधल्या प्रजातींसाठी त्यात चौथी अनुसूची आली. त्यापुढे २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम आले. असा प्राणी ताब्यात आला की तीस दिवसांत केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. विकला, दिला, पिल्लं झाली, मेला, तेही कळवायचं. म्हणजे दुकानदाराकडे आज कागद असायला हवा, आणि तो तुमच्या नावावर व्हायला हवा. शिवाय प्राणी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते.

विचारून बघा. उत्तर काय येणार ते मी इथूनच सांगू शकतो.

कातळसडा — २० जून, दुपारी १:३०

खेकडाभाऊ, धन्यवाद. वाचून पोटात गोळा आला. नियमावर_बोट, तुमचं खरं निघालं. फोन केला होता. म्हणाला, "कागद नंतर व्हॉट्सॲपला पाठवतो, जनावर घेऊन जा."

तिथे काढलेला एक फोटो टाकतोय. काचेवर बल्बचं प्रतिबिंब आलंय, क्षमस्व.

रानवाट — २० जून, दुपारी ३:१०

मी कुडाळकडचा, सापांचे कॉल घेतो. फोटो बघून शंका आली म्हणून विचारतो: हा नक्की परदेशी आहे ना? आपला घोयरा, म्हणजे सरडगुहिरा, तोही शॅमेलिऑनच. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात सापडते. कोरड्या झुडपी रानातला. तो कायद्याने संरक्षित आहे, त्याची खरेदी-विक्री सोडाच, घरात ठेवणंसुद्धा गुन्हा. मग घेऊ की नको हा प्रश्नच उरत नाही, सरळ वनविभागाला १९२६ वर फोन लावायचा.

ओळखायचं डोक्यावरून. व्हेल्डच्या पूर्ण वाढलेल्या नराच्या डोक्यावर सुकाणूसारखा उभा तुरा असतो, दोन इंचांपर्यंत जातो. हनुवटीखाली लांब काट्यांची दाढी. अंगावर उभे पट्टे. घोयऱ्याचा तुरा बुटका, आणि गळ्यापासून पोटापर्यंत बारीक पांढुरक्या खवल्यांची रेघ.

अवांतर: आमच्याकडे लोक "घोयरा आलाय, लवकर या" म्हणून बोलावतात, आणि तिथे निघतो साधा बागेतला सरडा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं लाल होतं, ते बघून घाबरतात. विष कशातच नाही. ना त्याच्यात, ना घोयऱ्यात.

आबा_मालवणी — २० जून, संध्याकाळी ६:०२

झिला, माका ह्यातला काय कळणा नाय. पण एक सांगतंय. चवदाचे नऊ एका मिनटात झाले मां? म्हणजे दुकानदाराक पण कळलेला असा, ह्यो रवणा नाय तो.

बांगडाफ्राय — २० जून, संध्याकाळी ६:०९

आबांनी एका ओळीत एक्स-रे काढला.

कातळसडा — २१ जून, रात्री ९:३५

आज मुद्दाम परत गेलो. दीड तास जायला, दीड यायला, घाटीत धो-धो.

रानवाट, तुरा उंच आहे, दाढी आहे, पट्टे पुसट पण आहेत. व्हेल्डच. टाचेवर मागच्या बाजूला बोंडासारखा काटा आहे, म्हणजे वाचलेल्या माहितीप्रमाणे नर.

पकड: फांदीवर ठेवला तर दोन पायांनी धरलं, मग घसरला. विष्ठा नारिंगी. जबडा सुजलेला नाही, तोंडात चिकटा नाही. घरून डबीत चार रातकिडे नेले होते. एका डोळ्याने त्याने किड्याकडे पाहिलं. पाहिलं, हे नक्की. तोंड थोडं उघडलं, जिभेचं टोक दिसलं, आणि परत मिटलं. मी दहा मिनिटं तसाच उभा.

सुरंगी — २१ जून, रात्री ९:५०

त्याने किड्याकडे पाहिलं! म्हणजे जगायची इच्छा आहे. अरे घे ना रे.

डॉ_गोठेवाले — २२ जून, सकाळी ६:४०

पशुवैद्य आहे, बावीस वर्षं गाई-म्हशी. धागा वाचून राहवलं नाही.

पहिली गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तुम्ही हा प्राणी तालुक्याच्या दवाखान्यात आणलात तर माझ्यासारखा माणूस चष्मा पुसून तुमच्याकडे बघेल. आम्हाला शिकवतात ते गोठ्यातलं. सरपटणाऱ्या प्राण्यांत औषधाची मात्रा वेगळी, इंजेक्शनची जागा वेगळी. मागच्या पायांकडून येणारं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं, म्हणून सुई शक्यतो पुढच्या अर्ध्या अंगात देतात. हे मला पुस्तकातून माहीत आहे, हाताला माहीत नाही. आणि असल्या प्राण्यात हाताला माहीत असणं जास्त लागतं.

दुसरी गोष्ट, जी लोक हमखास चुकतात. आजारी प्राणी घरी आणला की पहिल्या दिवशीच माया म्हणून तोंड उघडून भरवायला जातात. सुकलेल्या अंगाला अन्न पचत नाही. आधी पाणी, एक-दोन दिवस सावकाश, मग अन्न. आणि मऊ जबडा बळाने उघडला तर तो तुमच्या बोटांत मोडतो.

सोय म्हणाल तर मुंबईत परळ, किंवा चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. साधा एक्स-रे रत्नागिरीतही कुत्र्यांच्या दवाखान्यात निघेल. प्रश्न तो वाचणारा कोण, हा आहे. जाण्याआधी फोन करून विचारा की सरपटणारे प्राणी बघणारं कोणी त्या दिवशी आहे का.

पन्हं — २२ जून, दुपारी २:२५

मी हा धागा तीन दिवस उघडते आणि बंद करते. लिहूनच टाकते.

दापोलीची. २०२१ च्या पावसाळ्यानंतर मी नेमकं हेच केलं. दुकान वेगळं, शहर वेगळं, बाकी टाकी तीच, खडी तीच, वाटी तीच. सहा हजार. मुलगी सोबत होती आणि तिने माझा पदर सोडला नाही. माझ्याकडे तर तुझ्यासारखी तयारीसुद्धा नव्हती, मी दुकानातूनच पिंजरा, बल्ब, डब्बाभर पावडर असं सगळं घेतलं. आता हसू येतं. ज्याने त्याला तसं ठेवलं होतं त्यालाच मी विचारत होते, कसं ठेवू?

पहिले दोन दिवस तो फांदीवर बसला. हिरवा झाला एका बाजूने. आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. तिसऱ्या रात्री पडला. सकाळी खाली सापडला, जिवंत. मग मी तिथे उशी ठेवायला लागले, पिंजऱ्यात उशी. चौथ्या दिवशी आमच्याकडे वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. निसर्ग वादळात, जून २०२० ला, कित्येक दिवस काळोखात काढले होते आम्ही, त्यामुळे माणसांना एका रात्रीचं काही वाटलं नाही. पण त्याला ऊब हवी होती. मी गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून रात्रभर बदलत बसले.

आठव्या दिवशी परळ. पहाटे चारला निघालो. खोक्याला भोकं पाडून, वर ओला पंचा. तिथल्या डॉक्टर चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडं दिसायला हवी होती तिथे नुसता धूर. दोन बरगड्या जुन्या मोडलेल्या होत्या. म्हणजे माझ्याकडे पडण्याच्या कितीतरी आधीच्या. औषध दिलं, कसं द्यायचं दाखवलं. परत येताना मुलीने त्याचं नाव ठेवलं. मी नको म्हणत होते.

एकोणिसाव्या दिवशी गेला. आंब्याखाली पुरला.

हे तुला सांगायचं नव्हतं. सांगायचं ते पुढचं. महिन्याभराने त्याच शहरात काम निघालं, मी त्या दुकानावरून गेले. त्याच टाकीत दुसरा. अंगठ्याएवढा, पिल्लूच. दुकानदाराने मला ओळखलं आणि अगदी आनंदाने म्हणाला, "ताई, परवाचा गेला ना, म्हणून हा मागवला." त्याच्या हिशेबात माझा 'गेला' आणि त्याचा 'गेला' एकच होता. माल गेला, जागा झाली. त्या पिल्लाची ऑर्डर माझ्या सहा हजारांतून गेली होती.

सुरंगी — २२ जून, दुपारी ३:००

पन्हं, वाईट वाटलं. पण मग समोरचा मरू द्यायचा का? तत्त्व बरोबर असेल, पण टाकीत तत्त्व नाही बसलेलं, तो बसलाय.

खाजणातला_खेकडा — २२ जून, दुपारी ३:४०

सुरंगीताई, तुम्हाला निर्दय वाटेल, पण दुकानदाराला एकच भाषा कळते: टाकीतलं जनावर विकलं गेलं की मेलं. विकलं गेलं तर तो पुन्हा मागवतो. त्याच्या हातात मेलं तर पुढच्या वेळी घाऊक वाल्याला म्हणतो, सरडे नको, गप्पी मासे दे. आपण दयेने घेतो तेव्हा आजारी माल पण खपतो एवढंच त्याला शिकवतो.

आणि सोपं जनावरसुद्धा नाही हो हे. धडधाकट व्हेल्ड नर नीट ठेवला तर पाच ते आठ वर्षं जगतो. यूव्हीबी ट्यूब जळत राहते पण तिच्यातली किरणं आटत जातात, म्हणून साधारण वर्षाने बदलावी लागते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट की पिंजऱ्याला वारा नसेल तर छातीत कफ धरतो. फवारा मारायचा, पण अंग आणि पानं पुढच्या फवाऱ्याआधी सुकायला हवीत. जुलैत तुमची चादर दोन दिवसांत सुकत नाही, तिथे हे करायचं. धडधाकट जनावरासोबत हे जमतं. अर्धमेल्यासोबत पहिल्याच पावसाळ्यात उतरणं म्हणजे पोहायला शिकायला भरतीच्या समुद्रात उडी.

सुरंगी — २२ जून, दुपारी ३:५२

मी कधी काही पाळलेलं नाही, हे कबूल. पण तुमच्या "त्याच्या हातात मेलं तर" या वाक्यात मेलं तो कोण आहे, ते पुन्हा वाचा.

खाजणातला_खेकडा — २२ जून, संध्याकाळी ५:१०

वाचलं. उत्तर नाही माझ्याकडे.

आबा_मालवणी — २२ जून, रात्री ८:३०

पोरांनो, भांडा नको. झिला, तुजी ती ट्यूब घरात धूळ खाता मां? मगे ती थंय नेऊन लाव. जनावर त्याचा, ट्यूब तुजी. पैशे देव नको.

खाजणातला_खेकडा — २२ जून, रात्री ८:४५

आबा, म्हणजे दुकानदाराला फुकट नोकर. त्याचा माल आपण धुऊन-पुसून विकायला ठेवायचा?

आबा_मालवणी — २२ जून, रात्री ८:५१

होय. शेजाऱ्याची म्हस आजारी पडली तर बघणस नाय? ती पण त्याचीच आसता.

रानवाट — २२ जून, रात्री ९:०४

आबांना अनुमोदन. शिवाय दुकानदार शिकला तर पुढचा आलेला तरी बरा राहील. भाबडेपणा असेल माझा.

खाजणातला_खेकडा — २२ जून, रात्री १०:३०

बरं. मला पटलेलं नाही, पण करणारच असाल तर नीट करा. काचेचं झाकण काढून जाळी टाका, नाहीतर ट्यूबचा उपयोग शून्य. सर्वांत वरची फांदी आणि ट्यूब यांत वीतभर अंतर. बारा तास चालू, बारा तास बंद. तीन बाजूंच्या काचेला बाहेरून कागद चिकटवा. त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर तो दिवसभर दुसऱ्या नरासमोर बसल्यासारखा ताठरलेला राहतो. गोणपाटी रंगाचं एक कारण तेही असू शकतं. लोक म्हणतात सरडा लपायला रंग बदलतो. जास्त करून बदलतो तो थंडी, भीती, राग, मादी यांमुळे. कातडीतले बारीक स्फटिक जवळ-लांब होतात आणि रंग फिरतो, जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑनवर हे दाखवलं. काळवंडलेला शॅमेलिऑन रंग बदलून बोलतोच आहे, फक्त काय ते बघा.

पाण्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी घ्या. वर बाटली टांगून चाक फिरवून थेंब-थेंब पानावर पाडा.

कातळसडा — २५ जून, रात्री ११:१५

केलं. सविस्तर लिहितो, कारण दुकानदाराबद्दल मी पहिल्या पोस्टमध्ये एकतर्फी लिहिलं होतं.

मला वाटलं होतं हाकलून देईल. त्याने चहा मागवला. म्हणाला, "मला मासे कळतात. हा घाऊक वाल्याने माशांच्या खोक्यांसोबत पाठवला, म्हणाला ठेवून बघ, गिऱ्हाईक येतं. काय खातो ते फोनवर विचारलं तर म्हणाला, किडे." तीन आठवड्यांत त्याने मिलवर्म (पिठातल्या अळ्या) टाकून पाहिले, सफरचंद टाकून पाहिलं. वाटीत पाणी रोज बदलत होता. रोज! त्याला वाटायचं, पाणी कमी होत नाही म्हणजे याला तहानच नाही.

झाकण काढलं, माशांच्या जाळीचा तुकडा ताणून बसवला, ट्यूब लावली. खडी काढून वर्तमानपत्र. माझ्याकडची मनीप्लांटची कुंडी आत. सलाईनची नळी बघून शेजारच्या मोबाइलवाल्याने विचारलं, कोणाला ॲडमिट केलंय?

थेंब पानावर पडायला लागले. पंधरा मिनिटं काही नाही. मग डावा डोळा उघडला. नुसता डोळा फिरला, डोकं हललं नाही. मग पुढे झुकला, आणि पानाच्या टोकाला तोंड लावलं. चोवीस मिनिटं पीत होता. मी घड्याळ लावलं होतं. दुकानदार गिऱ्हाईक सोडून उभा होता. गळ्याखालची दाढी प्रत्येक घोटाला हलत होती.

पैसे दिले नाहीत, घेतला नाही. ट्यूब तिथेच ठेवून आलो.

सुरंगी — २५ जून, रात्री ११:२१

चोवीस मिनिटं. :(

डॉ_गोठेवाले — २६ जून, सकाळी ६:१५

उत्तम. आता लगेच खाऊ घालू नका म्हणावं. दोन-तीन दिवस फक्त पाणी आणि उजेड.

कातळसडा — ७ जुलै, रात्री १०:००

मध्ये दोनदा जाऊन आलो. आषाढीला आईनेच विचारलं, "तो उपाशी आहे का अजून?" आणि रातकिड्यांचा डबा हातात दिला.

दोन्ही डोळे उघडे. उजवा अजून थोडा आत, पण फिरतो. फांदीवर रात्र काढतो, पडत नाही. विष्ठेचा रंग पांढऱ्याकडे आलाय. दुपारी एका बाजूला हिरवट पट्टे दिसतात. चिमट्यात धरून रातकिडा अगदी तोंडाशी नेला तर घेतो. जीभ मात्र टाकत नाही, अर्धी बाहेर येते आणि थांबते. पाय आहेत तसेच वाकडे.

आणि आता खरी पंचाईत. दुकानदार म्हणाला, "तुम्हीच जगवलाय. चार हजार द्या आणि न्या."

सुरंगी — ७ जुलै, रात्री १०:०८

आता तरी!

नियमावर_बोट — ७ जुलै, रात्री १०:१४

कागद?

कातळसडा — ७ जुलै, रात्री १०:२०

विचारला. घाऊक वाल्याचा फोन लागत नाही म्हणे.

नियमावर_बोट — ७ जुलै, रात्री १०:२६

मग नोंदणीच्या अर्जात कुठून घेतला या रकान्यात काय लिहिणार? पुढची पाच वर्षं तो कोणालाही न दाखवता पाळणार, आणि आजारी पडला तर डॉक्टरकडे नेतानाही चोरासारखे. दया पुरी पडत नाही तिथे.

पन्हं — ७ जुलै, रात्री १०:५५

कातळसडा, मी काही सांगणार नाही. फक्त घेतलास तर ट्यूब तिथे ठेवून ये. टाकी रिकामी राहत नाही.

खाजणातला_खेकडा — ७ जुलै, रात्री ११:३०

जीभ न टाकणं यात कॅल्शियमचाही हात असतो, कदाचित महिन्या-दोन महिन्यांत सुधारेल, कदाचित आयुष्यभर हाताने भरवावा लागेल. मी अजूनही नको म्हणतो. पण पहिल्या दिवशी जितक्या जोरात म्हणालो होतो तितक्या जोरात नाही.

बांगडाफ्राय — १६ जुलै, दुपारी १२:४०

धागा वर काढतोय. काय झालं पुढे?

कातळसडा — २७ जुलै, रात्री ९:१०

उशीर झाला, माफ करा. मधे रस्ता बंद होता, दोन आठवडे जाता आलं नाही. मी कागदासाठी थांबलो होतो. दुकानदाराला सांगितलं होतं, बिल आणि नोंद दे, चारच काय सहा देतो.

आज गेलो. टाकीत तो नव्हता.

विचारलं तर म्हणाला, "गेला." मी म्हटलं, गेला म्हणजे? तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आल्या, मुलाला फायटर मासा हवा होता. तो बरण्या काढून दाखवायला लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो. मुलाला निळा हवा होता, आईला लाल. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही, खरं सांगतो.

सुरंगी — २७ जुलै, रात्री ९:२४

विकला गेला असेल. हिरवा झाला होता ना.

पन्हं — २७ जुलै, रात्री ९:४०

ट्यूब आणलीस का परत?

कातळसडा — २७ जुलै, रात्री ९:४७

नाही. टाकीत आता इग्वाना आहे, वीतभर, हिरवागार. कुठून आला ते विचारलं नाही. ट्यूब चालू होती. कागद लावलेले होते, सलाईनची नळीपण होती. बाटलीत पाणी संपलं होतं, ते भरून आलो.